मावशीची वही आणि मेक्सिकोचे बिनकेसांचे कुत्रे

माझी मावशी सांगलीला शाळेत चित्रकला शिकवायची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली किती पोरं तिच्या हाताखालून गेली याचा हिशेब तिच्याकडेही नाही. या उन्हाळ्यात ती ह्यूस्टनला माझ्याकडे आली, मॉल आणि मंदिरं बघून लवकरच कंटाळली आणि म्हणाली, "मेक्सिको इथनं जवळ आहे ना गं? मग फ्रिडा काहलोचं घर बघून येऊ. आणि तिचे ते टकले कुत्रे." फ्रिडा मेक्सिकोची गाजलेली चित्रकार. तिच्या घरात माकडं होती, पोपट होता, हरणाचं पाडसही होतं, मावशीच्या डोक्यात मात्र कुत्रेच बसले होते. त्यामुळे आमची जुलैतली मेक्सिको सिटीची सहल एका कुत्र्याभोवती आखली गेली. त्या जातीचं नाव शोलोइत्सक्विंत्ले. बोलताना सगळे नुसतं 'शोलो' म्हणतात, मीही तेच म्हणते.

तयारीबद्दल दोनच गोष्टी. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आणि फ्रिडाच्या घराचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, मग त्या तारखेभोवती बाकीचं बसवा. दारात जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका, जुलैत तर नाहीच.

रविवार : कोन्देसा

शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही बरंच वर. हॉटेलचा जिना चढतानाच ते कळलं. पहिल्या दिवशी फार पळापळ नको म्हणून कोन्देसातल्या 'पार्के मेहिको' या बागेत जाऊन बसलो. ही बाग माणसांची कमी आणि कुत्र्यांची जास्त. एकेक प्रशिक्षक पंधरा-वीस कुत्रे ओळीत बसवून ठेवतो आणि ते बिचारे पट्ट्याशिवाय, न हलता बसतात. मावशी म्हणाली, "आमची प्रार्थनेची रांग कधी एवढी सरळ नव्हती."

पहिला शोलो तिथेच दिसला. काळपट राखी रंग, मोठे उभे कान, कपाळावर चार ताठ केस, आणि अंगात लाल विणलेलं स्वेटर. त्याच्या मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. आम्ही टक लावून बघतोय हे पाहून त्याच जवळ आल्या आणि मावशीचा हात धरून सरळ कुत्र्याच्या पाठीवर ठेवला. मावशीने दचकून हात मागे घेतला, मग पुन्हा ठेवला. मीही ठेवला. फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या भाकरीसारखी ऊब, आणि कातडी मऊ, किंचित तेलकट. खरं तर याच्या शरीराचं तापमान इतर कुत्र्यांइतकंच असतं; मध्ये केस नसल्यामुळे ती ऊब थेट आपल्या तळव्याला लागते.

मोबाइलवरच्या भाषांतराने आणि हातवाऱ्यांनी अर्धा तास गप्पा झाल्या. उन्हात न्यायचं तर याला क्रीम लावावं लागतं. वयात येताना तोंडावर पुटकुळ्या येतात. दात कमी असतात, म्हणून जीभ एका बाजूने बाहेर लोंबते. आणि याची सख्खी बहीण अंगभर केस घेऊन जन्मली! हे मात्र मला हॉटेलवर येऊन नीट वाचावं लागलं. केस नसणं आणि दात कमी असणं या दोन्हींमागे फॉक्सआय३ या एकाच जनुकातला बदल आहे, हे २००८ मध्ये संशोधकांनी दाखवलं. पेरूच्या आणि चायनीज क्रेस्टेड म्हणतात त्या बिनकेसांच्या कुत्र्यांतही तोच बदल आहे. बदललेलं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आलं तर ते पिल्लू जन्मालाच येत नाही. म्हणजे जगणाऱ्या प्रत्येक बिनकेसांच्या शोलोमध्ये एक जनुक केसवालं असतंच. म्हणून दोन्ही पालक टकले असले तरी साधारण तीनातलं एक पिल्लू केसाळ निघतं.

मावशीने वही काढली, पण तो स्वेटरवाला महाशय दोन मिनिटं एका जागी बसेना. तिच्या वाट्याला एक कान आणि अर्धा खांदा आला. "पण काय सोपं आहे बघ काढायला," ती म्हणाली. "केसाळ कुत्र्यात पोरं फराटे मारून चुका लपवतात. इथं लपवायला जागाच नाही. हाड आहे तिथं हाड, सुरकुती आहे तिथं सुरकुती."

रात्री कोपऱ्यावरच्या बाईकडे केसादिया, म्हणजे सारण घालून दुमडलेली मक्याची पोळी, खाल्ला. शाकाहारी मंडळींनी इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. मेक्सिको सिटीत केसादियात चीज असेलच असं नाही, ते वेगळं सांगावं लागतं. आणि 'कार्ने नको' म्हटलं की चिकन येऊ शकतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या हिशेबी बहुतेकदा गोमांस. राजमा-घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी असू शकते, 'मांतेका' आहे का ते विचारा. भोपळ्याच्या फुलांचा केसादिया मागा.

सोमवार : सोचिमिल्को

सोमवारी संग्रहालयं बंद. म्हणून दक्षिणेला सोचिमिल्कोच्या कालव्यांकडे गेलो. मेट्रोने तास्केन्या आणि तिथून छोटी रेल्वे. वाटेत ला नोरिया स्टेशन लागतं. तिथल्या जुन्या हासिएंदात, म्हणजे वाड्यात, दोलोरेस ओल्मेदो यांचं संग्रहालय आहे. ओल्मेदोबाई फ्रिडाचा नवरा, चित्रकार दिएगो रिव्हेरा याच्या मैत्रीण आणि त्याच्या चित्रांच्या मोठ्या संग्राहक. १९९४ मध्ये त्यांनी घर लोकांसाठी खुलं केलं, आणि बागेत मोरांबरोबर शोलोंचा कळप राहायचा. आमच्या विषयासाठी याहून योग्य जागा नाही, पण २०२० मध्ये ते बंद झालं आणि आम्ही गेलो तेव्हाही बंदच होतं. तुम्ही जाल तेव्हा आधी चौकशी करा. उघडं असेल तर सगळं सोडून तिथे जा. फ्रिडाचं १९४५ चं माकडासोबतचं आत्मचित्र या संग्रहातलं, आणि त्यात शोलोही आहे.

कालव्यातल्या रंगीत होड्यांना त्राहिनेरा म्हणतात. भाडं माणसागणिक नसतं, अख्ख्या नावेचं तासावर असतं. धक्क्यावर फलक असतो, तो बघूनच बसा. आमचा नावाडी गप्पिष्ट निघाला. शोलोचं नाव काढताच त्याने गुडघ्यावर थाप मारली. त्याच्या आजीचे गुडघे दुखायचे, आणि ती रात्री शोलोला पायाशी घेऊन झोपायची. संधिवाताला शोलो, हा तिकडचा फार जुना घरगुती उपाय. आजार जातो असं नाही, शेक मिळतो. "आजी गेली, मग कुत्रा माझ्या बापाच्या पायाशी आला," नावाडी म्हणाला.

त्यानेच एका चिनांपावर, म्हणजे तलावात गाळ आणि पाणवनस्पती रचून केलेल्या शेताच्या वाफ्यावर, उतरवून काचेच्या टाकीतला अक्सोलोत्ल दाखवला. कल्ल्यांची झालर पांघरलेला, कायम हसऱ्या तोंडाचा जलचर. पन्नास पेसोच्या नोटेवर आहे तोच. कुत्र्याचं आणि याचं नातं पुराणातलं आहे. शोलोत्ल नावाचा अ‍ॅझ्टेक लोकांचा देव, कुत्र्याच्या तोंडाचा. सूर्य चालता व्हावा म्हणून सगळ्या देवांनी मरायचं ठरलं तेव्हा हा रडत पळाला. आधी मक्याच्या शेतात जोडताट झाला, मग मॅगे घायपातीचं जोडझाड झाला, शेवटी पाण्यात शिरून अक्सोलोत्ल झाला आणि तिथे पकडला गेला. मरायला घाबरणारा देव आणि मेलेल्यांना वाट दाखवणारा कुत्रा, दोघांचं नाव एक. मला हा देव फार आवडला.

चार वाजता आभाळ फुटलं. जुलैत हे रोजचं आहे, त्यामुळे बाहेरची कामं दुपारच्या आत उरका. नावेच्या छपराखाली बसून निळ्या मक्याचे त्लाकोयो खाल्ले. आत घेवड्याचं सारण, वर निवडुंगाच्या फोडी आणि हिरवी चटणी. मावशीने चटणी दोनदा मागून घेतली तेव्हा स्वयंपाकीण बाई पदर असता तर पदराला तोंड पुसून हसली असती अशी खूश झाली.

मंगळवार : मानववंशशास्त्र संग्रहालय

चापुल्तेपेकच्या जंगलातलं हे संग्रहालय १९६४ चं. अंगणात एका खांबावर पेललेलं भलंमोठं छत आणि त्यातून धो धो पडणारं पाणी. बहुतेक लोक अ‍ॅझ्टेकांच्या प्रसिद्ध सूर्यशिळेकडे धावतात. आम्ही थेट पश्चिम मेक्सिकोच्या दालनात गेलो. तिथे गर्दी नसते, हे आमचं भाग्य.

पश्चिमेकडच्या कोलिमा भागातले मातीचे कुत्रे इथे आहेत. साधारण इसवीसनापूर्वी ३०० ते इसवीसन ३०० या काळात पश्चिमेकडच्या लोकांनी खोल विहिरीसारख्या थडग्यांत मृतांसोबत हे पुरले. लालबुंद माती, घोटून घोटून आणलेली चकाकी, पोट टम्म, पाय आखूड. बरेचसे पोकळ आहेत, शेपटीची किंवा डोक्यावरची तोटी म्हणजे भांड्याचं तोंड. काही कुत्र्यांच्या तोंडात मक्याचं कणीस असतं. एका कुत्र्याने तर माणसाचा मुखवटा घातलाय. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. मुखवट्याच्या आत कुत्र्याचं थोबाड आहे हे कळत असूनही नजर माणसाचीच वाटते.

हे गुबगुबीतपण कशासाठी, याचं उत्तर मावशीला आवडलं नाही. कुत्रे मक्यावर पोसून खाल्ले जायचे. सोळाव्या शतकात अकोल्मानच्या बाजारात विकायला बांधलेले चारशेहून जास्त कुत्रे पाहिल्याचं दिएगो दुरान या पाद्र्याने लिहून ठेवलंय. त्याच काळातल्या बेर्नार्दिनो दे साहागूनने शोलोंना रात्री गोधड्या पांघरून झोपवतात अशी नोंद केली आहे. पिल्लांना राळ चोपडून त्यांचे केस घालवतात असं कुणी त्याला सांगितलं, तर कुणी म्हणालं की ती जन्मतःच अशी. जनुकाचा निकाल यायला पुढे साडेचारशे वर्षं जायची होती.

साहागूननेच लिहिलेली मृत्यूनंतरच्या नदीची गोष्ट मी मावशीला बाकावर बसून सांगितली. मेलेल्याला पलीकडे पोचवायला कुत्रा लागतो. पण पांढरा कुत्रा म्हणतो, मी आत्ताच अंघोळ केलीय. काळा म्हणतो, मी आत्ताच काळा झालोय. पाठीवर घेतो तो तांबडाच. मावशी म्हणाली, "युधिष्ठिराचा कुत्रा निदान गप्प तरी चालत होता. हे सबबी सांगणारे म्हणजे अगदी खरे वाटतात." यमाचे श्याम-शबल, दत्ताच्या पायाशी बसणारे चार, खंडोबाचा कुत्रा, आपल्याकडेही कुत्रा दैवताजवळ आहेच, पण सबब सांगण्याची मुभा त्याला कुणी दिलेली मला आठवत नाही.

मावशी मात्र त्या कथेत रमली नाही. तिने वेटोळं करून झोपलेला एक लाल कुत्रा धरला आणि चाळीस मिनिटं त्याच्यापुढून हलली नाही. नाकापासून निघालेली रेषा मान, पाठ, ढुंगण करत पुन्हा नाकाशी येते. तिने ती पेन्सिल न उचलता काढली, फाडली, पुन्हा काढली. शाळेची सहल आलेली पोरं तिच्याभोवती जमली. एकीने वही मागितली आणि मावशीच्या कुत्र्याला मिशा काढून दिल्या. त्या मिशा अजून आहेत.

जवळच तामायो संग्रहालय आहे, तिथेही डोकावलो. रुफिनो तामायोने हेच मातीचे कुत्रे डोळ्यांसमोर ठेवून १९४१ मध्ये 'आनिमालेस' हे चित्र केलं. त्यात कुत्रे लाल-काळे आहेत, दात काढून वर बघतायत, आणि जमिनीवर हाडं पडली आहेत. युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना त्या टम्म पोटाच्या प्राण्यांना त्याने असं उपाशी, भेदरलेलं केलं. ते चित्र न्यूयॉर्कला असतं. पण कोलिमाच्या दालनातून बाहेर पडल्यावर फोनवर जरी पाहिलं तरी तो कुत्रा ओळखू येतो.

बुधवार : कोयोआकान

फ्रिडाचं 'कासा आसूल', निळं घर. १९०७ मध्ये ती इथेच जन्मली, १९५४ मध्ये इथेच गेली, आणि १९५८ पासून हे संग्रहालय आहे. बाहेर रांग, आत गर्दी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिमुकली मडकी जडवून 'फ्रिडा' आणि 'दिएगो' ही नावं लिहिली आहेत. तिच्या रक्षेचा कलश बेडकाच्या आकाराचा आहे, कारण दिएगो स्वतःला बेडूक म्हणवून घ्यायचा. व्हीलचेअर, इझेल, रंगांच्या बाटल्या, पाठीच्या दुखण्यासाठीचे प्लास्टरचे पट्टे. मावशी बाटल्यांपाशी थांबली. इतर बायका कपड्यांपाशी थांबल्या होत्या.

आता अपेक्षाभंग होऊ नये म्हणून सांगते. शोलो असलेली फ्रिडाची गाजलेली चित्रं इथे लावलेली नाहीत. १९३८ चं 'माझ्यासोबत इत्सक्विंत्ली' खासगी संग्रहात आहे. त्यात ती खुर्चीत सिगरेट घेऊन बसलीय, आणि पायाशी एवढंसं काळं कुत्रं, बाईच्या झग्यापुढे जवळजवळ ठिपकाच. दुसरं, १९४९ चं, लांबलचक नावाचं: विश्वाने पृथ्वीला, पृथ्वीने फ्रिडाला आणि फ्रिडाने बाळ झालेल्या दिएगोला कवटाळलेलं. ते गेलमन संग्रहातलं. घरात मात्र तिच्या आणि तिच्या प्राण्यांच्या फोटोंनी भूक भागते. लोला आल्वारेस ब्राव्होने १९४४ च्या सुमारास याच घरात फ्रिडाला शोलोंसोबत टिपलं. तो फोटो तुम्ही पाहिला असेलच.

बागेतल्या बाकावर मावशीने मला ते १९४९ चं चित्र फोनवर मोठं करून दाखवलं. "कुत्रा कुठाय सांग." देवी, पर्वत, निवडुंग, रडणारी फ्रिडा, तिसरा डोळा लावलेला दिएगो, आणि खाली विश्वाच्या हातावर वेटोळं करून गाढ झोपलेला सेन्योर शोलोत्ल. कालच्या लाल कुत्र्याचीच रेषा, नाकापासून नाकापर्यंत. मला आतापर्यंत असं वाटायचं की क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत दिएगो-फ्रिडाच्या मंडळींनी शोलो पाळले ते टेहुआनाचा, म्हणजे तेहुआन्तेपेकच्या बायकांचा पारंपरिक, पोशाख घालावा त्याच भावनेने. स्पॅनिशांच्या आधीचं, आपलं, म्हणून मिरवायला. ते होतंच. पण नुसतं मिरवायचं असतं तर तिने त्याला यमदूतासारखं ताठ उभं केलं असतं. ज्याचं नाव मरणाच्या देवाचं, त्याला तिने झोपू दिलं. मावशीचं म्हणणं आणखी साधं: "आजारी बाई अंथरुणात पडून काय बघणार? पायाशी झोपलेला कुत्रा."

दुपारी मंडईत तोस्तादा खाल्ला आणि टॅक्सीने आनाउआकालीला गेलो. निळ्या घराच्या तिकिटावर इथेही जाता येतं, म्हणून ते जपून ठेवा; नियम बदललाय का तेवढं विचारून घ्या. दिएगोने आपला प्राचीन मूर्तींचा ५०,००० च्या वरचा संग्रह ठेवायला ज्वालामुखीच्या काळ्या दगडात हे बांधायला घेतलं आणि पुरं व्हायच्या आत १९५७ मध्ये तो गेला. संग्रहालय १९६४ मध्ये उघडलं. आत गार, अंधारं, पातळ दगडाच्या खिडक्यांतून येणारा मधासारखा पिवळा उजेड. कपाटांत पश्चिम मेक्सिकोची माणसं आणि प्राणी दाटीवाटीने उभे. माहितीच्या पाट्या जवळपास नाहीत, त्यामुळे आधी मानववंशशास्त्र संग्रहालय बघा, मग हे. उलटं केलंत तर काहीच लागणार नाही.

गुरुवार : शिक्षण मंत्रालय आणि बाजार

हा टप्पा कुत्र्यांचा नाही, पण मराठी माणसाने तो टाळू नये. शहराच्या जुन्या भागातल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगोने १९२३ ते १९२८ या काळात मजल्यामागून मजले रंगवले. वरच्या मजल्यावर 'आपली भाकर' नावाचं चित्र आहे. टेबलाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसं, मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई, आणि टेबलाच्या मधोमध भाकर मोडणारा सावळा माणूस. ते आपले वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, फिरत फिरत मेक्सिकोत आले, चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं आणि दिएगोचे मित्र झाले. मावशीने चप्पल काढायचीच तेवढी बाकी ठेवली.

शेजारी एक तरुण पहारेकरी उभा होता. आम्ही भारतातून आलोय आणि हा माणूस आमच्याकडचा, हे त्याला कळलं तेव्हा तो आणखी दोघांना बोलावून घेऊन आला. तिघांनी मिळून मावशीचा त्या चित्रासमोर फोटो काढला. मक्यावर पोसलेल्या कुत्र्यांपासून मक्याच्या वैदर्भीय प्राध्यापकापर्यंत आम्ही कसे आलो, हे त्यांना समजावण्याइतकं स्पॅनिश मला येत नव्हतं.

संध्याकाळी सिउदादेला बाजारात कोलिमाच्या कुत्र्यांच्या प्रतिकृती शोधल्या. पुष्कळ असतात. विड्याच्या सुपारीएवढ्यापासून मांजराएवढ्या मोठ्यापर्यंत. नाचणारी जोडी सगळ्यात खपते. मावशीला झोपलेला हवा होता, तो मागच्या फळीवर धूळ खात होता. दुकानदार म्हणाला, हा कुणी नेत नाही, लोकांना उभे लागतात. मावशीने हे ऐकून लगेच भाव आणखी पाडला. सांगलीच्या भाजी मंडईत कमावलेली कला, भाषेवाचून काही अडलं नाही.

घेताना 'रेप्लिका' असं लिहिलेली पावती मागून घ्या. खऱ्या प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणं मेक्सिकोत गुन्हा आहे, आणि चांगली प्रतिकृती विमानतळावर पटकन ओळखू येईलच असं नाही. मातीची वस्तू हातसामानात, कपड्यांत गुंडाळून, पावती वरच्या कप्प्यात. आमची बॅग उघडायला लावलीच. तपासणाऱ्या बाईने स्वेटर बाजूला केला, कुत्र्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, पावती न बघताच सगळं जसंच्या तसं गुंडाळून ठेवलं आणि आम्हाला पुढे सोडलं.